शेवटचा पट्टा

२ नोव्हेंबर १९८५, उस्मानाबाद

थेंब पसरला! करडईच्या तेलाचा, स्वच्छ काचेवर, आणि अगदी माझ्या आकडेमोडीनं सांगितलं होतं तसाच — आधी भरभर, मग हळू, मग इतका हळू की बघणाऱ्याला डुलकी लागावी. मला नाही लागली. मी प्रयोगशाळेत एकटीच ओरडले.

रसायनशास्त्राचे जैनोद्दीन सर शेजारच्या खोलीतून धावत आले. "काय फुटलं, मॅडम?"

"फुटलं नाही सर, पसरलं!"

त्यांनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं, भला माणूस. मग म्हणाले, "आख्ख्या जिल्ह्यात प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही एका थेंबामागं दोन वर्षं घालवली. कमाल आहे तुमची!" म्हटलं, सर, थेंब कळला की डबकं कळतं, डबकं कळलं की चारी कळते, चारी कळली की नदी. "आणि नदी कळली की?" — "मग नोकरी सोडते!" हसत हसत चहा सांगायला गेले. चहा आला तो गार. तरी गोड लागला.

संध्याकाळी गावचे मास्तर स्टँडवर भेटले. माझ्या वडिलांचा, दादांचा, निरोप होता. पाणी संस्थेत ठरत आलंय म्हणे — यंदा तळ्यात पाणी कमी, तेव्हा शेवटच्या पट्ट्याला पाणी सोडायचं नाही. वाटेतच मुरतं, वाया जातं. शेवटचा पट्टा म्हणजे आमची रानं.

तेलाचा थेंब डोक्यातून उतरलाच एकदम.


५ नोव्हेंबर

पेपर तपासले. एका मुलानं लिहिलंय, "द्रव पदार्थ स्वभावानं खालच्या बाजूचे असतात." पूर्ण गुण दिले.


८ नोव्हेंबर, गावी

दिवाळीची सुट्टी लागली. एस.टी.नं मुरुमपर्यंत, पुढं चालत. तळ्यातून रानांना पाणी नेणाऱ्या चारीच्या कडेनं चालत आले, मुद्दाम. तळ्याजवळचा शाळू हिरवागार. मधल्या रानातला जरा बुटका, पण पानांवर तजेला आहे. आणि आमच्या पट्ट्यात शिरले तर पानांनी सुरळ्या केलेल्या. एक पाणी मिळालं तर कणीस धरेल. नाही मिळालं तर वैरण, तीसुद्धा कशीबशी. जमिनीला भेगा अशा की माझी चप्पल एकीत अडकली आणि मी बांधावर फतकल मारून बसले. कुणी बघितलं नाही — म्हणजे आईनं बघितलं.

"धाराशिवात सडकेवर चालून चालून रानात चालायचं विसरलीस व्हय?" म्हणाली, आणि आधी चप्पल काढली, मग मला उठवलं.

दादा जेवताना एवढंच बोलले, "संस्था काढायची म्हनून दारोदार हिंडताना आमी पुढं. आता पाण्याच्या वक्ताला आमी मागं." आमच्या वस्तीतली सगळी घरं पहिल्याच सभेत सभासद झाली होती. चारी खणायला सगळी वस्ती रोजगार हमीवर होती. आईच्या हाताचे घट्टे त्याच चारीचे आहेत.

मी जेवण अर्धं टाकून संस्थेच्या चेअरमनकडं निघाले. आईनं परत बसवलं. भाकरी संपवून मग गेले.


८ नोव्हेंबर, पुन्हा

मघाशी लिहायचं राहिलं. चेअरमन बब्रुवान अण्णा ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. माणूस वाईट नाही. दादांबरोबर एका शाळेत होते, दादांनी तिसरीत सोडली, यांनी सातवीत, एवढाच फरक, असं ते स्वतःच सांगतात. म्हणाले, "पोरी, माझं काय वैर हाय का तुझ्या दादाशी, श्रीपतीशी? तळ्यात पानी बोटभर. शेवटाला सोडलं आन वाटंतच जिरलं, तर ना तुमाला, ना आमाला."

म्हटलं, अण्णा, जिरतं का नाही ते मी दाखवते. माझं कामच आहे ते — पाणी कशावरून कसं पसरतं.

"आकडे नगंत बरं का. आकड्यानं लई जण येऊन गेले. डोळ्याला दिसलं पायजे."

दाखवते म्हणून आले! आता कशात दाखवू?


९ नोव्हेंबर

शेळ्यांच्या छपरावरचा पत्रा काढला. दादा तयार होईनात, मग मीच शेळ्यांना विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. कडा वळवून लांब ताट केलं. अंगणात विटांवर ठेवलं, तळ्याकडची बाजू जरा उंच. रानातली काळी माती आणून चाळून थापली, काडीनं चारी कोरली, बांध घातले. गावातली शंभर पावलं म्हणजे माझ्या ताटात एक पाऊल. तळ्याच्या जागी गळका तांब्या, भोकाला चिंधीचा बोळा. वाळायला ठेवलं. उन्हानं मातीला बारीक भेगाही पडल्या — अगदी खऱ्यासारख्या! मला इतका आनंद झाला की आईला हाक मारून भेगा दाखवल्या. तिनं माझ्याकडं असं बघितलं की बास.


१० नोव्हेंबर

फजिती!

तांब्या सोडला. पाणी चारीत उतरलं, थोडं पळालं, आणि अर्ध्यावर थांबलं. नुसतं थांबलं नाही, फुगून बसलं — पुढं तोंड गोल, अंगावर धूळ घेऊन, एखाद्या जाडजूड अळीसारखं. पुढं उतार आहे, जागा आहे, तरी हलायला तयार नाही! आणखी पाणी घातलं तर कडेवरून बाजूला सांडलं, पण पुढं नाही.

दादा बघत होते. मग उठून शेळ्यांना वैरण टाकायला गेले. 

म्हणजे अण्णा म्हणतात तेच खरं? माझ्याच हातानं मी आमचं पाणी तोडणार? दुपारभर पत्र्यापाशी बसून राहिले. रडलेसुद्धा थोडी. कशाला लपवू, इथं कोण वाचतंय.


१० नोव्हेंबर, दिवेलागण

कळलं!! आणि कुठं कळलं तर चुलीपाशी!

आई भाकरी थापत होती. काटवटीच्या कडेला पाणी सांडलं, ते कडेशी येऊन फुगलं आणि तिथंच राहिलं. खाली ओघळलं नाही. मी दोन वर्षं जे काचेवर बघते तेच! पाणी थोडं असलं की त्याला आपली कड सोडवत नाही. मोठं झालं की मग ते उताराचं ऐकतं. खऱ्या चारीत पाणी वीतभर खोल. माझ्या ताटात सगळंच शंभरपट बारीक केलं, म्हणजे खोलीही तेवढीच बारीक झाली — नखाच्या जाडीची. एवढ्याशा पाण्याला चारी आणि काच एकच! मी रान लहान केलं, पण पाण्याला लहान कसं करणार? ते आहे तेवढंच हट्टी राहतं.

म्हणजे ताटातली मांडणी खोटं बोलली. पाणी खोटं नाही बोललं.

आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "करपली की गं भाकरी तुझ्या नादात."


११ नोव्हेंबर

उपाय दोन. चारी लांबीत आहे तेवढीच, पण खोली जास्त — उभं माप वेगळं, आडवं वेगळं. आणि पाण्याचा हट्ट मोडायला रिठा! पोळ्याला बैल धुवायला आणलेले रिठे घरात होतेच. भिजवून, कुसकरून, गाळून तांब्यात घातले.

फेसच फेस! पण पाणी चाललं. भेगांमध्ये शिरत, थबकत, पुन्हा निघत, मधल्या रानाच्या पुढं गेलं आणि आमच्या पट्ट्याच्या तोंडाशी रेंगाळलं. पोहोचलं म्हणावं की नाही? भेगा फार पितात. ताटात भेगांचं माप बरोबर आहे का, याची मला अजून खात्री नाही.

दादा बघून म्हणाले, "आता संस्था चारीला साबन लावनार हाय काय?" मला हसू आवरेना, आणि मग त्यांनाही.


१२ नोव्हेंबर

परवा अण्णा आणि संस्थेची मंडळी येणार. माती नव्यानं थापली, वाळत ठेवली. भेगा परवापर्यंत हव्या तशा पडतील. पोहोचलं न पोहोचलं, जे दिसेल ते दाखवायचं, आणि त्याचा अर्थ सांगायचा. ठरलं.


१४ नोव्हेंबर

आज काय झालं ते नीट लिहिते.

सकाळी वस्तीतल्या चौघींना निरोप द्यायला गेले. परत आले तर मंडळी अंगणात शिरतच होती. सतरंजी टाकलेली, पाण्याची घागर भरलेली. आणि माझी मांडणी — माझी मांडणी सारवलेली! आईनं अंगण सारवता सारवता तीही सारवली होती. शेणकाला घालून, हातानं गुळगुळीत, एक भेग दिसायला शिल्लक नाही. वर कडेनं पांढऱ्या मातीचं बोट ओढलेलं!

"हे काय केलंस?" मी कानात विचारलं.

"पाव्हणे येनार, आन अंगनात असली उललेली माती? लोक काय म्हनतील श्रीपतीच्या घराला?"

थांबवायचं होतं मला. खरंच थांबवायचं होतं. पण तेवढ्यात अण्णांनीच कौतुकानं तांब्याचा बोळा काढला. पाणी असं सुटलं! सारवणावरून सरसर, मधलं रान मागं टाकून, आमच्या पट्ट्यात, शेवटच्या बांधावरून उडी मारून थेट अण्णांच्या नव्या जोड्यावर. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. अण्णा पाय झटकत म्हणाले, "पोचलं की रं श्रीपती! डोळ्यानं बघितलं. द्यायचं पानी शेवटाला. ठरलं."

दादांनी सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चहा देताना पाहिलं. आई पदरात हसत होती. वस्तीतल्या बायका येऊन माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडून गेल्या.

मी पण हसत होते. आणि हसता हसता ताटातल्या सारवणात भेग शोधत होते.


१५ नोव्हेंबर

हे बरोबर नाही. सारवणावरून पळालं म्हणून रानात पळणार का? रानात भेगा आहेत — माझी चप्पल गिळणाऱ्या. पाणी सोडलं, वाटेत जिरलं, तळं रिकामं झालं, तर सगळ्यांचंच गेलं. आणि पुढं कायमचं म्हणतील, यांच्या पोरीनं फसवलं. तिनंच नाही, या सगळ्या वस्तीनं.

आणि नाही सांगितलं, आणि पोहोचलं तर? तर कुणाला काही कळणार नाही.

आईला सांगितलं की तुझ्या सारवणामुळं झालं सगळं. तिचा चेहरा एवढासा झाला. "मला वाटलं, चांगलं दिसंल." मग मीच तिला जवळ घेतलं.


१६ नोव्हेंबर

सांगून आले. अण्णांच्या ओट्यावर, उभ्या उभ्या, एका दमात. आईनं सारवलं होतं, भेगा बुजल्या होत्या, म्हणून पळालं. खऱ्या भेगांना किती पाणी लागेल ते मला नक्की माहीत नाही.

अण्णा सुपारी कातरायचे थांबले. "हे मला सांगायला कुनी धाडलं तुला?"

"कुणी नाही."

"मग कशाला सांगितलंस गं?" असं म्हणाले खरे, पण रागानं नाही. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "आसं करू. एक दिवस खरं पानी सोडू. तळ्यावरल्या इंजनाची डिझेलची टाकी एकदा भरायची. ती संपायच्या आत शेवटाला पोचलं तर तुमचं. न्हाय पोचलं तर यंदा न्हाय. मग तुझ्या दादानं माज्यावर रुसायचं न्हाय."

वीस तारीख ठरली.


१७ नोव्हेंबर

दादा माझ्याशी बोलत नाहीत. जे सांगायचं ते शेळीला सांगतात. "आमच्या घरात लई शिकलेलं मानूस हाय बरं का. आलेलं पानी परत धाडतंय." शेळीनं माझ्याकडं पाहून मान हलवली. तीसुद्धा त्यांच्याच बाजूची. छपराचा पत्रा गेल्याचा राग असेल.


१९ नोव्हेंबर

सारवणावरच अडकून बसले होते आज. भेगा नसतील तर पाणी पळतं. आणि काळी माती पाणी प्याली की फुगते, भेगा आपोआप मिटतात. म्हणजे सारवलेल्या ताटात दिसलं ते खोटं नव्हतं — ते नंतरचं होतं! आधी भेगा पिणार, मग मिटणार, मग पाणी पुढं. प्रश्न एवढाच की टाकी संपायच्या आत मिटतात का. भेगा वरून खाली जातात, पाण्याला आधी खाली जायचं असतं, मग पुढं. हे दादांना सांगायला गेले. शेळीला सांगितलं त्यांनी, "झोप आता."


२० नोव्हेंबर

हात इतके दुखतायत की पेन धरवत नाही. तरी लिहिणार!

सकाळी इंजन सुरू झालं. सगळं गाव चारीच्या काठानं पाण्याबरोबर चालायला लागलं. पाण्याचं तोंड म्हणजे फेस, काटक्या, मुंग्या — आणि मागं आम्ही. तळ्याजवळच्या रानातून सुरेख गेलं. मधल्या रानात मंदावलं. तिथून पुढं, ऊन चढल्यावर, थांबलं.

थांबलं म्हणजे येत होतं, आणि डोळ्यांदेखत जमिनीत जात होतं. भेगा गटागटा पीत होत्या. आवाज यायचा! संस्थेतला एक जण म्हणाला, "बंद करा इंजन. बघितलं न्हवं आता?" बाकीच्यांनीही माना हलवल्या. दादा लांब बांधावर, पाठ करून.

मी अण्णांसमोर उभी राहिले. बोलले ते सगळं आठवत नाही, पण फार मोठ्यानं बोलले. पाणी वाया नाही चाललेलं, ते भेगा मिटवतंय. मागं बघा, सकाळी जिथं पाणी गेलं तिथं हात घाला, एक तरी भेग राहिलीय का? इथंही मिटतील. मिटल्या की मग अंगणात बघितलं तसं पळेल. बंद केलंत तर प्यालेलंही वाया!

अण्णा खरंच मागं गेले. खाली वाकले, चारीत कोपरापर्यंत हात घातला. "मिटल्यात की," म्हणाले. "पर टाकी निम्मी सरली. तवर मिटतील?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

आणि आई, जी कधी चार माणसांत बोलत नाही, ती मागून म्हणाली, "मग सारवू की."

लोक हसले. ती हसली नाही. लुगडं खोचलं आणि पाण्याच्या पुढं, कोरड्या भेगाळ चारीत उतरली. बादलीनं पाणी मारायचं, माती ढेकळासकट भेगांत लोटायची, आणि पायानं तुडवायची. मग मी उतरले. मग वस्तीतल्या बायका. पलीकडच्या रानातल्या हुसेनबी चाची आपली खुरपणी सोडून आल्या, आणि त्यांनी तर नाचूनच चिखल केला — वयाला न शोभेल असं! कुणी शेण आणलं, कुणी घमेली. पुढं आम्ही तुडवतोय, मागून पाणी येतंय, आमच्या घोट्यांना लागतंय, आम्ही पुढं सरकतोय. कुणीतरी जात्यावरचं गाणं धरलं. अण्णांनी नवे जोडे काढून काठावर ठेवले आणि तेही चारीत! धोतर वर धरून, "ए सरका, तुमाला तुडवता येत न्हाय!" चिखलानं भरलेला चेअरमन मी आज पहिल्यांदा बघितला.

सावल्या लांब झाल्या तेव्हा पाणी आमच्या पट्ट्यात शिरलं. इंजन अजून चालू होतं. सारवलेल्या चारीतून ते असं आलं — सरसर, न थबकता! दादा बांधावरून उतरले. खोरं घेऊन त्यांनी पहिल्या वाफ्याचं मातीचं दारं मोडलं, पाणी शाळूत सोडलं, आणि तिथंच वाफ्यात उकिडवे बसून पाण्यात हात घालून राहिले. मी जवळ गेले. शेळी नव्हती तिथं, तेव्हा मलाच म्हणाले, "आलं गं पोरी."

मी इतकी हसले की रडू आलं, की उलट, माहीत नाही. अण्णांनी काठावरूनच सांगून टाकलं, शेवटच्या पट्ट्याची पाळी आजपासून कायम.

जैनोद्दीन सरांना कधी एकदा सांगते असं झालंय. थेंबापासून चारीपर्यंत! सगळ्या मापांत बसलं!


२१ नोव्हेंबर

सकाळी हुसेनबी चाची आल्या. पाय अजून चिखलाचे. माझी मांडणी बघायची होती त्यांना, कालपासून सगळे बोलतायत म्हणून. मी हौसेनं दाखवली. त्या वाकून एकेक बोट ठेवत गेल्या — "हे तळं. ही चारी. हे अण्णाचं रान. हे तुझ्या दादाचं." मग बोट पत्र्याच्या कडेशी आलं आणि थांबलं. "आन माजं, बाळा?"

त्यांचं रान आमच्या बांधाला लागून आहे. चारी आमच्यापाशी संपते. संस्थेत त्यांना कुणी विचारलंच नाही — अण्णांनी नाही, दादांनी नाही. आणि मी पत्र्याच्या कडेला, नेमक्या त्यांच्या रानाच्या जागी, मातीचा बांध घातला, चांगला बोटभर उंच, पाणी सांडून जाऊ नये म्हणून.